मागच्या डाव्या सीटखालचा शॉकअप

मित्रांनो, मोटारीचं कौतुक करताना लोक रंग सांगतात, इंजिन सांगतात, फार तर हॉर्न वाजवून दाखवतात. माझं नाव कोणी घेत नाही. मागच्या डाव्या चाकाच्या वर, अंधारात, चिखलाचे सपकारे खात ज्यानं अर्धं आयुष्य काढलं तो मी एक म्हातारा शॉकअप. आता मी वर्कशॉपच्या भिंतीशी पडून आहे. तिथवर कसा आलो तेच तुम्हांला सांगायचं आहे.

आधी माझं काम समजून घ्या. गाडीचं वजन मी पेलत नाही, ते पेलते माझ्या शेजारची स्प्रिंग. ती ताकदीची आहे, पण डोक्यानं जरा उथळ. एकदा वरखाली झुलायला लागली की थांबायचं नाव घेत नाही. तिला आवरायचं ते मी. माझ्या नळीत तेल भरलेलं असतं, त्या तेलातून एक दांडा दमादमानं वरखाली होतो आणि स्प्रिंगचा सगळा नाच जागच्या जागी जिरतो. खड्डा रस्त्याचा, मार मला, आणि आराम सीटवरच्या माणसाला, असा आमचा व्यवहार.

मी या गाडीबरोबर जन्मलो नव्हतो. माझ्या आधी तिथे कारखान्यातला मऊ शॉकअप होता, तो बिचारा लवकर झिजला. कारण गाडीचे मालक. ते वजनकाटे दुरुस्त करायचे. दुकानदारांचे तराजू तपासायचे, खोटा काटा खरा करून द्यायचे. सगळे त्यांना काटेवाले म्हणत. माणूस उंच, धिप्पाड आणि सोबतीला लोखंडी वजनांची एक पेटी. नजर अधू असल्यामुळे त्यांना गाडी चालवता येत नसे. गाडी त्यांच्या बायकोच्या हाती. ते मागे डावीकडे बसत, पेटीवर एक हात ठेवून, लेकराला थोपटताना ठेवावा तसा. बायको पुढून म्हणायची, "अहो, माणसासारखं पुढे येऊन बसा. लोकांना वाटेल मी ड्रायव्हर आहे." ते म्हणायचे, "आहेसच की. पगार तेवढा देत नाही."

तर अशा गाडीला शॉकअप निवडायला ते स्वतः वर्कशॉपमध्ये आले. मेकॅनिकनं दोन जोड्या टेबलावर ठेवल्या. एक साधी, एक जास्त वजनाच्या गाडीसाठी बनवलेली, कडक. मी त्या दुसऱ्या जोडीतला. काटेवाल्यांनी मला उभा धरला आणि तळव्यानं हळूहळू दाबला. मग म्हणाले, "हा आपल्या जातीचा दिसतो. काट्याचं पण असंच असतं. वजन आलं की हलायचं आणि मग गप उभं राहायचं. जो हलतच राहतो तो काटा लबाड." एवढं बोलून त्यांनी मला पसंत केलं. माझा ऊर भरून आला. त्यानंतर कोणी माझं एवढं कौतुक केलेलं नाही.

ती वर्षं छान गेली. मला प्रत्येकाचं वजन कळायचं. काटेवाल्यांची बायको, म्हणजे आमच्या बाई, पुढे बसल्या की मागे नुसती चाहूल लागे. त्यांची मुलगी शाळेत होती तेव्हा सीटवर उड्या मारायची आणि ओरडा खायची. आणि काटेवाले बसले की मी सावकाश खाली जायचो आणि थांबायचो. गाडी थांबली की ते मात्र धाडकन उतरायचे. त्यांना सावकाश म्हणून काही उतरता येत नसे. ते उतरले की गाडी वर उसळायची, मी तिला एका दमात आवरायचो आणि बाई न वळता म्हणायच्या, "उतरलात?" हा त्यांचा रोजचा संसार होता.

मग तो दिवस आला. भर दुपारची वेळ होती. एका किराणा दुकानापुढे गाडी थांबली. मी उसळी आवरायला तयार होऊन बसलो. उसळी आलीच नाही. बाईंनी आरसा नीट केला, पर्स चाचपली. मग म्हणाल्या, "अहो, उतरा की. आलं दुकान." वजन होतं तिथेच होतं, तसूभरही हललं नव्हतं. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि दार उघडून दुकानदाराला हाक मारली. पुढे माणसं जमली, त्यांनी काटेवाल्यांना उचलून बाहेर काढलं. पण एकदम नाही, सांभाळून, हळूहळू. त्यामुळे उसळी अशी आलीच नाही. मी तिची वाट पाहतच राहिलो.

पेटी पुढे कोणीतरी घेऊन गेलं. गाडी मागून अगदी रिकामी झाली. माझं वय झालं होतं. वरचं रबर झिजलं, तेल झिरपायला लागलं, झिरपलेल्या तेलावर धूळ बसून मी काळाठिक्कर पडलो. तेल गेलं की आमची ताकद जाते. गाडी थांबली तरी मागचा भाग झुलत राहायचा, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. पहिल्यांदा असं झालं तेव्हा बाईंनी घराच्या फाटकाशी हँडब्रेक ओढला होता. गाडी मागून उसळली, खाली आली, परत उसळली. बाई तशाच बसून राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "उतरलात?"

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. काटेवाल्यांची मेल्यावरही गेली नाही, असं बाई धरून चालल्या. मला बोलता येत असतं तर सांगितलं असतं की बाई, हे माझं म्हातारपण आहे, दुसरं कोणी नाही. पण आमच्या तोंडी फक्त कुरकुर.

मग बाई कामाशिवाय बाहेर पडू लागल्या. चांगला रस्ता सोडून उखडलेला रस्ता घेऊ लागल्या. गतिरोधक दिसला की इतर माणसं वेग कमी करतात, बाई वाढवायच्या. दणका बसला, गाडी मागून झुलायला लागली की त्यांचा चेहरा उजळायचा. त्या बोलायच्या. भाजी महाग झाल्याचं सांगायच्या, लेक फोन करत नाही म्हणून तक्रार करायच्या आणि मध्येच थांबून ऐकायच्या. मागची सीट रिकामी होती मित्रांनो, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी एखाद्या दुपारी गाडी उन्हात उभी असायची, वारा नसायचा, आसपास चिटपाखरू नसायचं आणि मी सावकाश खाली जायचो. आणि थांबायचो. माझा मीच घाबरायचो.

एक दिवस लेक गाडीत होती. उतारावरचं वळण होतं, पुढे पूल. रस्ता लाटांसारखा झालेला. मागचं चाक उसळलं ते उसळलंच, मला ते जमिनीला टेकवून ठेवता येईना. गाडीचा मागचा भाग बाजूला फेकला गेला आणि आम्ही पुलाच्या कठड्याला घासून थांबलो. खाली नदी होती. दोघींना खरचटलंसुद्धा नाही. बाई हसत होत्या.

"बघितलंस? त्यांनी धरलं आपल्याला."

"आई, कठड्यानं धरलं," लेक म्हणाली. "बाबांनी नाही. कठड्यानं."

दुसऱ्या दिवशी, आई आंघोळीला गेलेली पाहून, लेकीनं गुपचूप किल्ली उचलली आणि गाडी वर्कशॉपमध्ये आणली. मेकॅनिक तोच, फक्त केस पांढरे झालेले. त्यानं खाली वाकून मला पाहिलं आणि जीभ चावली. "अहो ताई, हा शॉकअप आहे की तेलाचा दिवा? यावर गाडी चालवत होतात तुम्ही?" मग त्यानं पुन्हा दोन जोड्या टेबलावर मांडल्या, साधी आणि कडक, आणि तो लेकीला समजावून सांगू लागला. तेवढ्यात दारात बाई उभ्या. चालत आल्या होत्या, केस अजून ओले. गाडी जागेवर नाही म्हटल्यावर त्यांना सगळं कळलं होतं.

"मला न विचारता?" एवढंच त्या लेकीला म्हणाल्या. लेकीची मान खाली गेली.

मग त्या मेकॅनिककडे वळल्या. "बदलायचेच असतील तर आधीचेच टाका. कडक. त्यांनी निवडले होते तसे. मागे वजन असतं आमच्या."

मेकॅनिकनं लेकीकडे पाहिलं. लेकीनं नकारार्थी मान हलवली. तो जरा घुटमळला. "काकू, कडक टाकतो, माझं काय जातंय? पण रिकाम्या गाडीला कडक शॉकअप म्हणजे मागचं चाक रस्त्यावर टिकत नाही. काल कठडा होता म्हणून वाचलात, ताईंनी सांगितलं मला. आणि दुसरं सांगू का? कुठलाही नवा टाकला तरी आता जी झुलते ना गाडी, ती झुलायची नाही."

"तुला काय माहीत झुलण्याचं?"

"काही नाही. जुन्या शॉकअपचं असंच होतं, एवढंच माहीत आहे. हे बघा." त्यानं मागचा डावा कोपरा दोन्ही हातांनी दाबला आणि सोडला. गाडी उसळली, खाली आली, परत उसळली.

बाई ते बघत राहिल्या. मग पदर खोचून पुढे आल्या. त्यांनी स्वतःचा हात त्या कोपऱ्यावर ठेवला, दाबला आणि सोडला. गाडी उसळली. अगदी तशीच, जशी रोज फाटकाशी उसळायची. त्यांनी परत दाबलं. परत सोडलं. परत. मी त्यांच्या तळव्याखाली वरखाली होत होतो आणि मला लाज वाटत होती, कारण त्यांच्यापुढे माझंच बिंग फुटत होतं. "आई, पुरे," लेक म्हणाली, पण त्या थांबेनात. शेवटी हात गाडीवर ठेवूनच त्या म्हणाल्या,

"म्हणजे हे मीच करत होते."

मग बाईंनी ओले केस मागे सारले आणि मेकॅनिकला सांगितलं, "मागे कोणी बसत नाही. साधे टाक." हे वाक्य बोलायला त्यांना किती जड गेलं, ते मी जाणतो. लोखंडाची आख्खी पेटी मी वर्षानुवर्षं सोसली आहे, तिचं वजन एवढं नव्हतं.

मेकॅनिकनं गाडी जॅकवर घेतली. गाडी वर गेली की चाकं खाली लोंबतात आणि आम्ही पूर्ण ताणले जातो, अंगावर काही भार उरत नाही. उजव्या बाजूचा माझा भाऊ ताणला गेला. मी अर्ध्यावरच अडकलो, वर कोणी बसलेलं असावं तसा. "दांडा वाकलाय," मेकॅनिक म्हणाला आणि त्यानं मला हिसका देऊन मोकळं केलं. त्यानं कारण सांगितलं, मी ऐकून घेतलं. बाईंच्या ते लक्षात आलं नाही, हे बरं झालं.

नवी जोडी बसली. बाई एक चक्कर मारून आल्या, दारापुढे ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी गप उभी राहिली. काही हललं नाही. त्यांनी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि रडल्या, त्या किराणा दुकानापुढे रडल्या नव्हत्या तेवढ्या. लेक खिडकीशी गेली. "आई, मी मागे बसू का?" बाईंनी डोळे पुसले आणि पुढचं दार आतून उघडलं. "नको. तू इथे बस, माझ्या शेजारी. आणि मला न विचारता परत किल्लीला हात लावलास तर बघ."

मित्रांनो, गाडीचे शॉकअप वेळेवर बदला. तेल झिरपताना दिसलं की आज उद्या करू नका, कारण दर वेळी पुढे कठडा असतोच असं नाही. पण घरात एखादं माणूस कशाला धरून बसलेलं असेल तर त्याच्या पाठीमागे ती वस्तू काढून नेऊ नका. त्याला सोबत न्या. त्याचा हात त्याला स्वतःहून उचलू द्या, भले वर्कशॉप बंद व्हायची वेळ येवो. माझं काय, मी भंगारात जाईन, मला त्याचं दुःख नाही. फक्त उन्हं कलली की मी अजून सावकाश खाली जातो आणि थांबतो, आणि आता "उतरलात?" म्हणून विचारणारं कोणी नाही.