मारिटचा फोन

प्रेमाने जयवंतचा डावा हात शर्टाच्या बाहीत घातला आणि बटणं लावली. एरवी दिवसभर तो बनियनवर बसे. पण आज शुक्रवार होता, म्हणून त्याला इस्त्रीचा निळा शर्टच हवा होता.

"चार वाजले काय गो?"

"वाजतील."

पाच महिन्यांपूर्वी जहाज नॉर्वेच्या बंदरात असताना जयवंतला अर्धांगाचा झटका आला. तीस वर्षं जहाजांवर फिटर म्हणून काढलेला माणूस दोन महिने तिथल्या पुनर्वसन केंद्रात राहिला आणि कांदिवलीच्या घरी आला तो व्हीलचेअरवरून, तोंडात मारिटचं नाव घेऊन. मारिट तिथली नर्स. औषधं, व्यायाम, कंपनीची पत्रं, विमानातली सोय, सगळं तिच्या एकटीच्या हातात, एकाच फाइलमध्ये. पेशंट घरी गेला तरी सहा महिने दर आठवड्याला त्याची चौकशी करायची, असा त्या केंद्राचा शिरस्ता होता. म्हणून ती शुक्रवारी व्हिडिओवर येई.

प्रेमाकडे फाइली चार होत्या. डॉक्टर बोरिवलीला, फिजिओ स्टेशनजवळ, अपंगत्वाच्या दाखल्यासाठी तिसरंच हॉस्पिटल आणि कंपनीचं ऑफिस अंधेरीला. एकाने लिहिलेलं दुसरा वाचत नसे. प्रत्येक खिडकीवर ती पहिल्यापासून सगळं सांगे. दमून घरी आली की जयवंत म्हणे, "मारिट असती तर एका फोनात झालं असतं."

तेही तिने सोसलं असतं. सोसवत नव्हता तो हात. तिने समोर चणे आणि वाटी ठेवली की तो भिंतीकडे बघे. "नंतर," म्हणे. आणि मारिटने पडद्यावरून "जय, माझ्यासाठी," असं तिच्या इंग्रजीत म्हटलं, की तोच हात थरथरत पुढे येई. बोटं एकेक चणा उचलून वाटीत टाकत. दहा, बारा, पंधरा. मारिट टाळ्या वाजवी. मोबाईल धरून प्रेमाचा खांदा भरून येई, पण पडद्यात दिसलंच तर तिचं कडेला आलेलं बोट दिसे.

सोमवारी तिने मारिटला मेसेज केला होता. इंग्रजी जुळवायला अर्धा तास गेला. जयवंत आता बरे आहेत, इथले डॉक्टर बघतात, फोनची गरज नाही. उत्तर लगेच आलं. वाचून आनंद झाला, फाइल बंद करते, काही लागलं तर कळवा.

चार वाजून गेले. साडेचारला जयवंतने पुन्हा एकदा केस सारखे केले.

"नेट बघ जरा."

"नेट आहे."

पाच वाजता नळाला पाणी आलं. ती पिंप भरायला लावून आली, तरी तो तसाच ताठ बसलेला. तिच्यासाठी हा माणूस कधी असा बसला नव्हता. तिच्या मनात संताप उसळला, आणि त्या भरातच ती बोलून गेली.

"ती नाही करणार फोन. मीच नको म्हणून कळवलंय."

तो ओरडेल म्हणून ती पदराला हात पुसत उभी राहिली. जयवंतने मान मागे टेकली आणि अंग खुर्चीत सैल सोडलं.

"बरा केलंस."

"काय?"

"परक्या बाईसमोर हात लटकवून कसा बसणार? शुक्रवारी उचलला की शनिवारभर ठणकतो. तुला बोललो नाय." त्याने डोळे मिटले. "तुझ्यासमोर नाय उचलला तरी चालतो."

प्रेमा त्याच्याजवळ स्टूल ओढून बसली. शर्टाचं वरचं बटण काढलं, खांद्यामागे उशी सरकवली. हात तिच्या मांडीवर येऊन पडला, जड आणि गरम, कसलीही धडपड न करणारा. इतके आठवडे तिला जे हवं होतं ते मिळालं होतं. ती तशीच बसून राहिली. त्याची बोटं जराही हलली नाहीत.

त्याला डुलकी लागल्यावर तिने तो हात उचलून उशीवर ठेवला आणि मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात गेली. सोमवारच्या मेसेजखाली लिहिलं, की जयवंत बरे नाहीत. माझ्यासमोर हात उचलत नाहीत. पुढच्या शुक्रवारी फोन करा.

एवढं पटकन जुळलं. 'प्लीज' लिहायला मात्र तिला वेळ लागला.