स्टेपनीला म्हणावं

ती भूल देणारी डॉक्टर होती. आठवडाभर लोकांना झोपवायची आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःची झोप उडवायला गाडी हाणायची. गाडी म्हणजे लाल, ठेंगणी हॅचबॅक, आवाज मात्र अंगापेक्षा दोन मापं मोठा. ती ठेवायला जागा हवी म्हणून तिने गॅरेजमधलं सासूबाईंचं शिलाई मशीन जिन्याच्या वळणावर नेऊन ठेवलं, आणि त्या दिवसापासून सासूबाईंनी अबोला धरला.

सासूबाईंचा उभा जन्म कोट शिवण्यात गेला होता. त्यांचा अबोलाही तसाच बेतून कापलेला, कुठे सैल नाही. मीठ हवं असलं तर त्या मुलाला सांगायच्या, मुलगा बायकोला सांगायचा, आणि मिठाची बरणी बायकोच्या हाताशीच असायची. मुलगा शाळेत भूगोल शिकवायचा, पण घरी त्याची नेमणूक टपालखात्यात झाली होती.

अशात डोंगरातल्या रस्त्यावरची ती मोठी शर्यत आली. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत खिंडीपर्यंत चढायचं, खाली यायचं, परत चढायचं. ज्याच्या फेऱ्या जास्त, तो पहिला. चालवणाऱ्याच्या शेजारी वळणं सांगणारं दुसरं माणूस हवंच, असा नियम. तो मान अर्थात भूगोलवाल्या नवऱ्याचा. पण डिकी दुरुस्तीच्या हत्यारांनी भरलेली होती म्हणून आदल्या दिवशी त्याने स्टेपनी मागच्या सीटवर ठेवायला उचलली, आणि कमरेत अशी चमक भरली की तो वाकला तो वाकलेलाच राहिला. त्याच अवस्थेत त्याने जमिनीकडे बघत आईला गळ घातली.

"येईन," सासूबाई म्हणाल्या, "पण बोलणार नाही."

कळा येत असल्यामुळे या वाक्यातली अडचण त्याच्या ध्यानात आली नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी निघाल्या. सासूबाईंच्या मांडीवर मुलाने काढून दिलेला नकाशा, डोक्यावर हेल्मेट, तोंडाला कुलूप. पहिली काही वळणं सुनेने अंदाजाने मारली. मग रस्ता फुटला तिथे ती ऐटीत उजवीकडे वळली आणि गाडी थेट एका लाकडाच्या वखारीत शिरली. तिथला करवतवाला चहा पीत बसला होता. त्याने काही न विचारता फक्त पाय आखडून घेतले.

गाडी मागे घेताना सासूबाईंना राहवेना. त्यांनी मान वळवली आणि मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलेल्या स्टेपनीला सांगितलं, "म्हणावं, डावीकडे जायचं होतं."

सून आरशात बघून म्हणाली, "स्टेपनीला म्हणावं, वेळेवर सांगितलं असतं तर उपकार झाले असते."

अशी वाट मोकळी झाली. आता वळण आलं की सासूबाई स्टेपनीला सांगायच्या आणि सून ऐकायची. पहिल्या फेरीत वळणं त्यांच्या डोक्यात बसली, पण नकाशावरच्या अंशांच्या खुणा काही उमगेनात, तेव्हा त्यांनी तो घडी करून बुडाखाली घातला आणि रस्ता आपल्या भाषेत सांगायला घेतला. "पुढे गोल गळा आहे. मग लगेच काख, अगदी घट्ट. त्यानंतर सरळ पाठ, तिथे काय पळवायचं ते पळव म्हणावं." सुनेला ते नवऱ्याच्या अंशांपेक्षा बरं समजायला लागलं. दुपारपर्यंत त्यांनी चार-पाच गाड्या मागे टाकल्या. त्यात एक मिशीवाला हार्डवेअरवाला होता. तो गेल्या वर्षीचा विजेता असल्याचं सगळ्यांना सांगत फिरायचा.

त्याला मागे टाकल्यावर सुनेच्या तोंडून निघून गेलं, की स्टेपनी हुशार आहे. सासूबाई म्हणाल्या, हुशार आहे पण तिला घरात कोणी विचारत नाही. सून म्हणाली, स्टेपनीने एकाच बाजूने बोलू नये. सासूबाई म्हणाल्या, ती आधीपासून गाडीवाल्यांनाच सामील आहे. बिचाऱ्या स्टेपनीला दोन्हीकडून इतकं ऐकून घ्यावं लागलं की वाटेतला टोकदार दगड कोणालाच दिसला नाही.

चाक बसलं. सुनेने गाडी कडेला घेतली, जॅक लावला, सासूबाईंनी नट पदरात धरले आणि स्टेपनी मागच्या सीटवरून निघून गाडीच्या पुढच्या अंगाला लागली. मिशीवाला हॉर्न वाजवत निघून गेला.

दोघी परत आत बसल्या. मागच्या सीटवर आता पंक्चर झालेलं चाक होतं. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. ते एका बाजूला मान टाकून पडलं होतं. त्याच्याशी काय बोलणार? गाडी उताराला लागली, वेग वाढला, समोर वळण आलं. सासूबाईंचे ओठ दोनदा हलले.

"अगं, पुढे चुण्या आहेत चुण्या. हळू घे, बाई."

"हो, आई," सून म्हणाली आणि तिने ती तिन्ही वळणं लोण्यासारखी घेतली.

वळणं संपली. मग सासूबाई म्हणाल्या, "जिन्यात बसून कोणी शिवतं का?"

"मला कळलंच नाही तुम्हाला तिथे अडचण होते ते. तुम्ही बोलला नाहीत."

"अबोला होता ना. बोलणार कशी?"

यावर सुनेला असं हसू फुटलं की गाडी सरळ पाठीवरही नागमोडी गेली. मशीन खिडकीपाशी, उजेडात आणायचं ठरलं. सुनेचं कपाट थोडं सरकवायचं, हेही ठरलं. कपाट किती सरकवायचं यावर मात्र पुढच्या दोन फेऱ्या कडाक्याचं भांडण झालं, समोरासमोर, मोकळ्या गळ्याने. त्या भरात त्या मिशीवाल्याच्या पुढे कधी गेल्या ते दोघींनाही कळलं नाही.

सूर्य मावळला तेव्हा त्यांचा नंबर तिसरा लागला. निशाण घेतलेला माणूस अभिनंदन करायला गाडीपाशी आला, तर सून स्टिअरिंगवरच गाढ झोपली होती. सासूबाईंनी काच खाली करून ओठांवर बोट ठेवलं आणि तिचं रोजचं काम लोकांना झोपवायचं असतं, आज झोपायची पाळी तिची आहे, असं हळूच सांगितलं. बक्षीस बॉनेटवर ठेवून तो चवड्यांवर परत गेला.

नवरा मित्राच्या गाडीतून पोहोचला तेव्हा त्या दोघींची हेल्मेटं एकमेकांना टेकलेली होती आणि दोघी घोरत होत्या. निरोप द्यायला कोणी नव्हतं, घ्यायला कोणी नव्हतं. त्याला आत बसायचं होतं, पण गाडी फारच ठेंगणी होती आणि कंबर आता भलतीकडे अडली होती. तो खिडकीशी तसाच ताठ उभा राहिला, त्यांना जाग येईपर्यंत.