साहेबाचं कुत्रं आणि मी

मी भुऱ्या बोलतोय. माणदेशी धनगरी कुत्रा, अंगानं दांडगा, आवाजानं त्याहून दांडगा आणि मनानं, खोटं कशाला बोलू, थोडा जळका. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी जिमीबद्दल चार वाकडे शब्द बोललो तर तुम्हाला नवल वाटायला नको.

माझा जन्म बिराप्पा धनगराच्या कळपात झाला. दिवाळी झाली की बिराप्पा माणातून मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचा आणि ज्याला खत हवं त्याच्या रानात ती बसवायचा. एका साली ती नाथाजीच्या रानात बसली होती. नाथाजी पलटणीत नाईक होता, सुटीवर आला होता. लढाई पेटलेली, दोन दिवसांत त्याला परत निघायचं होतं. त्यानं बिराप्पाकडून मला मागून घेतलं, ओंजळीतून घरी आणलं आणि दारच्या पायरीवर ठेवून म्हणाला, "भुऱ्या, घर तुज्यावर टाकून चाललोय रं."

मी ते मनावर घेतलं. त्याची बायको चंद्राबाई भांगलायला बसली की मी बांधावर बसायचो. त्याची लेक अंजना तेव्हा रांगत होती. ती विहिरीच्या वाटेला लागली की मी आडवा पडायचो, तिला मला ओलांडता यायचं नाही. अनोळखी माणूस पाच वर्षांत आमच्या अंगणात आला नाही. मला कुणी कधी कुरवाळलं नाही, पण संध्याकाळी माझ्या परळात भाकरीचा तुकडा पडायचा. मला वाटायचं, यालाच आपलं म्हणणं म्हणत असतील.

शेहेचाळीस साली नाथाजी सुखरूप परत आला. मी आनंदानं अंगणाला सात फेऱ्या मारल्या. आणि पंधरा दिवसांत त्याच्या डोक्यात ते खूळ शिरलं.

"साताऱ्याच्या कँपातला माजा साहेब विलायतेला चाललाय," तो चंद्राबाईला म्हणाला. "कुत्री वाटून टाकतोय. आपून एक आणू."

"आवं, आनखी कुत्रं कशाला?"

"साहेबाचं कुत्रं म्हंजे लय येगळी गोष्ट असती. तू बघ तर."

गाडी जुंपली, पोरीला घेऊन दोघं बसली. सातारा आमच्यापासून अडीच कोस. मी नेहमीप्रमाणे गाडीखालच्या सावलीतून चालत गेलो. बंगल्याच्या व्हरांड्यात दोन कुत्री होती. एक माझ्याएवढं, काळं-तांबडं, कान ताठ. दुसरं मांजराहून जरासं मोठं, पांढरं, एका डोळ्याभोवती तपकिरी ठिपका. चंद्राबाईनं पदर सावरून दोघांकडं निरखून बघितलं, जशी बाजारात वांगी बघते तशी.

"त्ये मोठं नगं," ती नवऱ्याच्या कानाशी म्हणाली. "बसल्या बसल्या चार भाकरी खाईल. ह्ये बारकं खाऊन खाऊन किती खाईल?"

साहेब हसला. नव्या माणसाला, लहान मूल असलेल्या घराला हेच बरं, असं तो मोडक्या हिंदीत म्हणाला. मग त्यानं नाथाजीला विचारलं, "पहले कभी कुत्ता पाला है?"

नाथाजीनं टाचा जुळवल्या. "न्हाई साब. ये पैलाच हाय."

मी गाडीखाली उभा होतो. चार हातांवर. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तो खोटं बोलत नव्हता, हेच वाईट. त्याच्या लेखी मी दाराशी होतो, जसा दाराशी नांगर असतो. पाळायचं ते हे, गळ्यात पट्टा असलेलं.

साहेबानं पुढं बरंच काही समजावलं. रोज पळवायला लागतं, नाहीतर उकरत बसतं, त्याचं नाव जिमी, आणि जातीचं नाव फॉक्स टेरियर. नाथाजीचे कान त्या एका शब्दावरच अडकले. पलटणीत राहून त्याला एवढं इंग्रजी येत होतं. परतताना गाडीत तो बायकोला सांगत राहिला, "फाक्स म्हंजे कोल्हा. कोल्ह्यावरचं कुत्रं हाय ह्ये. औंदा उसाला कोल्हा शिवायचा न्हाई." जिमी अंजनाच्या मांडीवर बसला होता. मी खाली धूळ खात चाललो होतो, आणि वरून अंजनाचं हसू ऐकू येत होतं. अडीच कोस मला त्या दिवशी दहा कोस वाटले.

घरी त्याला पोतं मिळालं, तेही चुलीपाशी. दुधात कुस्करलेली भाकरी मिळाली. शेजारचा कोंडीबा बघायला आला आणि म्हणाला, "चांगलं हाय. पर वाढणार कवा?" हे एवढंच असतं, असं नाथाजीनं सांगितलं, ते चंद्राबाईला काही पटलं नाही. तिनं आठ दिवस त्याला चोरून तूप चारलं. कुत्रं वाढलं नाही, त्याचं पोट मात्र बिघडलं. मी मनातून खूश झालो, तर अंजना त्याच्यासाठी रडत बसली. मग माझ्या खुशीचीही चव गेली.

श्रावणात उसाची लागण झाली. जिमीला पळवायचं कुणाच्या ध्यानातच नव्हतं, म्हणून त्यानं एका दुपारी दोन सऱ्यांमधलं बेणं उकरून बाहेर काढलं. तेवढं मी केलं असतं तर पाठीत काठी बसली असती. नाथाजी कमरेवर हात ठेवून हसला. "पंजं बघा त्येचं," म्हणाला. माझ्या अंगाचा तीळपापड झाला.

आणि हा जिमी दिवसभर माझ्या मागं मागं. मी पायरीवर पडलो की येऊन पोटाला टेकायचा. मी उठून दुसरीकडं जायचो. तो तिथंही यायचा.

दिवाळीनंतर एका सकाळी खालच्या उसात कोल्हा शिरला. पाचट वाजलं तसा नाथाजी ओरडला, "सोड गं त्येला, जिमीला सोड." अंजनानं दोरी सोडली. जिमी सरळ बांधाकडं गेला आणि घुशीच्या बिळात तोंड खुपसून शेपूट हलवू लागला. कोल्हा मी उठवला. उसातून, बाभळीच्या कुपातून, ओढ्यापलीकडच्या माळापर्यंत त्याला पिटाळला. पायात काटा घेऊन परत आलो, तर कोंडीबासुद्धा जमा झालेला, आणि नाथाजी जिमीच्या तोंडावरची माती पुसत सांगत होता, "बघितलं का, फाक्स म्हणत्यात त्येला."

माझा काटा मी दातांनीच काढला.

त्या संध्याकाळी माझ्या परळात भाकरी पडली आणि जिमीनं येऊन त्यात तोंड घातलं. त्याला भूक नव्हती, त्याचं पोट दुधानं भरलेलं होतं. मी खाईन ते त्याला खायचं होतं, एवढंच. पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी त्याचा कान धरला आणि फाडला.

चंद्राबाई धावत आली. रक्त बघून म्हणाली, "एका दारात आता ही दोगं नगंत. उद्या पोरीला चावंल ह्ये."

पोरीला. मी.

बिराप्पाची मेंढरं तेव्हा कोंडीबाच्या रानात बसली होती. दुसऱ्या दिवशी ती हलणार होती. नाथाजीनं माझ्या गळ्यात कासरा अडकवला आणि मला तिथं नेलं.

"बिराप्पा, ह्येला घिऊन जा. तुमचाच हाय."

बिराप्पानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "आमचा कवा हुता? डोळं उगडायच्या आत तुमी न्हेला. त्या बारक्याला दिऊन टाका की कुनाला."

"त्यो साहेबाचा हाय गड्या."

बिराप्पानं कासरा हातात घेतला.

कळप निघाला. मी मान खाली घालून चाललो. नदीच्या उताराला लागलो तेव्हा मागून हाका आल्या. नाथाजी धोतर सावरत पळत येत होता, त्याच्या मागं अंजना. बिराप्पा थांबला. मी थांबलो. माझं शेपूट आपोआप हलायला लागलं. मनात म्हटलं, उमगलं त्यांना. चला, उशिरा का होईना, उमगलं.

नाथाजी धापा टाकत माझ्यापाशी आला, वाकला आणि माझ्या पाठीमागून, मेंढरांच्या पायांतून त्यानं जिमीला उचललं. तो घरापासून माझ्या मागं आला होता. कानाला चिंधी बांधलेली, पाय चिखलानं भरलेले. मला पत्ताही नव्हता.

"आरं लेका, कुटं चालला हुतास रं?" नाथाजी त्याला छातीशी धरून म्हणाला, आणि माघारी वळला. जिमी त्याच्या खांद्यावरून माझ्याकडं बघत केकाटत राहिला. नाथाजी त्याला घट्ट धरून होता म्हणून, नाहीतर त्यानं उडी टाकली असती.

आता मी दहिवडीच्या माळावर मेंढरं राखतो. दात झिजलेत, लांडग्याला मात्र अजून कळलेलं नाही. जिमीचा हेवा मला अजून वाटतो, चुलीपाशी निजत असेल म्हणून वाटतो. पण त्या घरात माझ्यासाठी घर सोडून निघालेला एकटा तोच होता, आणि मी चावलो तो त्यालाच.

तुमच्यापैकी कुणी कृष्णाकाठाला जाणार असेल, तर कान फाटलेलं एक बारकं पांढरं कुत्रं शोधा. त्याला सांगा, भुऱ्याला वाईट वाटतं. बाकी घरच्यांना माझा काही निरोप नाही.