इफेमरलच्या हातावर दही

सकाळी प्रमिलानं पिशवी उपडी केली, तर शिकवणीतून आणलेला ‘इफेमरल’ हा इंग्रजी शब्द मेथीच्या जुडीखाली रडत होता. मुलगी होती, तान्ही.

शिकवणीतल्या बाईंची पद्धतच तशी. शब्द पाठ करायचा नाही; घरी न्यायचा, पाहुणचार करायचा, मूळ गाव विचारायचं. अर्थ तो आपणहून सांगतो. शेजारच्या मालूताईंनी नेलेला हट्टी ‘ऑब्स्टिनेट’ दिवाळीपासून त्यांच्या झोपाळ्यावर ठाण मांडून होता.

प्रमिला आणि अच्युतराव यांच्या घरात कधी कुणी रांगलं नव्हतं. नवस झाले, डॉक्टर झाले, मग दोघांनी तो विषयच सोडला. आज मात्र अच्युतरावांनी दुकान उघडलंच नाही.

पोहे होईस्तोवर ती रांगली. जेवायला बसली ती परकरात. दुपारच्या चहाला ती प्रमिलाची साडी नेसून आली आणि तिच्या भांगात पांढरे केस होते.

“तुझं मूळ गाव कुठलं गं?” अच्युतरावांनी कौतुकानं विचारलं.

“ग्रीस. आमच्याकडे दिवसाला हेमेरा म्हणतात, बाबा. माझं नाव त्यावरूनच. एका दिवसापुरती.”

“म्हणजे?”

“ऊन उतरलं की निघायचं.”

बाहेरगावी निघणाऱ्याच्या हातावर दही ठेवायचं, ही सासूबाईंपासूनची रीत. प्रमिला आत गेली, सगळं दही कढीत ओतलं आणि चमचाभर उरलेल्यावर नवं दूध विरजलं.

“दही नाही गं घरात. आत्ताच विरजलंय. लागेपर्यंत थांबावं लागेल.”

“बरं, आई.”

ऊन समोरच्या पाण्याच्या टाकीवर आलं आणि तिथंच थांबलं. दूधवाला गल्लीच्या तोंडाशी सायकलवर एक पाय टेकून उभा राहिला. मालूताईंनी भिंतीवरून विचारलं, “अहो, दिवे लावायचे का?”

लेकीचे दात पडले. पाठ वाकली. मान हलायला लागली, आणि ऊन होतं तिथंच होतं.

“आई, फार दुखतं गं.”

“बघ ना एकदा,” अच्युतराव हळूच म्हणाले.

“नाही लागलं,” प्रमिला न बघताच म्हणाली. तिला रडू आवरेना.

मग तिनं झाकण काढलं. भांडं कलतं केलं. दही हललं नाही.

लेकीनं तळहात पुढं केला. प्रमिलानं चमचा भरला आणि त्या हातावर धरून उभी राहिली. टाकीवरचं ऊन बोटभर उतरलं.