रक्तावरची साय

"आक्याला तूप सोडायला लावतो, न्हायतर मिशी उतरवतो," असं गुंडूनं तोंड भरून सांगितलं, तेव्हा आकाराम पैलवानाची बायको चिमणाबाई हसली नाही. तिनं डोळ्यांना पदर लावला.

स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. गंगावेशीत गुंडूची पानपट्टी होती. अख्ख्या पेठेची फिरकी घेता घेता गड्याची चाळिशी उलटली. आकाराम त्याचा तालमीतला जोडीदार. पैलवानाची तालीम कधीच सुटली, खुराक मात्र सुटला नाही. सकाळी वाटीभर म्हशीचं तूप, दुपारी मटणातली चरबी वेचून वेचून खायची. आणि आता पापण्यांच्या कोपऱ्यात पिवळट, मऊ चट्टे उठले होते. हळदीचं बोट टेकवावं तसे. पुसता पुसले जात नव्हते.

"खंडोबाचा भंडारा हाय त्यो," आकाराम छाती काढून सांगायचा. "आबांना हुता. थोरल्यालाबी हुता."

वडिलांना आणि थोरल्या भावाला होता, हे खरं. आणि दोघंही पन्नाशीच्या आत बसल्या जागी गेले, हेही खरं. घरात म्हणायचे, देव ज्याला भंडारा लावतो त्याला लवकर बोलावून घेतो.

नवे डॉक्टर गणपतराव वेगळंच बोलले. "चरबी आहे ही. पापणीवर दिसते तशीच काळजाच्या नसांतही बसत असणार. तूप, चरबी बंद करा."

आकाराम खो खो हसला.

मग गुंडूनं बेत रचला. डॉक्टरांनी तपासायला काढलेलं आकारामचं रक्त काचेच्या नळीत ठेवलं होतं. त्यात थोडं दूध सोडायचं आणि पैलवानाची टरकवायची. दुसऱ्या सकाळी खिशात दुधाची बाटली घालून तो दवाखान्यात पोचला. नळी उचलली, आणि बाटली खिशातच राहिली.

नळीत खाली काळपट रक्त साकळलं होतं. वर बोटभर पांढरी साय.

"काय घातलासा वो ह्यात?"

"काही नाही," डॉक्टर म्हणाले. "ते त्याचंच आहे."

गुंडूनं नळी मागून घेतली. ती धोतराच्या सोग्यात धरून तो आकारामच्या घरी गेला. पैलवान बाहेरच्या सोप्यात तुपाची वाटी घेऊनच बसला होता. त्यानं नळी उन्हात धरली. गुंडूला वाटलं, आता वाटी हातातनं गळतीय.

"चिमणे, बघ की गं!" आकाराम ओरडला. "रगताचं दूध झालंया! देव आत उतरला!"

त्यानं नळी देव्हाऱ्यात टेकवली, वरनं भंडारा टाकला आणि वाटी तोंडाकडं नेली.

चिमणाबाईनं गुंडूकडं नुसतं बघितलं.

गुंडूनं टोपी भिरकावली. "येळकोट!" अंगात वारं आल्याचं सोंग त्यानं जत्रेत कितीदा तरी वठवलं होतं. डोळे फिरवून, अंग घुसळून तो गरजला, "माझ्या निवदाला तोंड लावतूस? रगतावर आलं ते माझं! आजपास्नं तूप न्हाय, चरबी न्हाय!"

एवढंच बोलून थांबायचं त्यानं मनाशी ठरवलं होतं. पण तोंड मिटेना.

"धाकल्या," त्याच्याच आतून आवाज आला. जाड, ओला, दुसऱ्याच कुणाचा तरी. "छातीवर म्हस बसलीया रं. उठिव तिला."

आकारामच्या हातातली वाटी पालथी झाली.

"आबा गेलं तवा गोठ्यात मी एकलाच हुतो," तो कसाबसा म्हणाला. "हेच बोललं आन् मान टाकली. ही गोष्ट मी हिलाबी सांगितली न्हाय. गुंड्या, तुला कुणी सांगितलं?"

गुंडूनं भिरकावलेली टोपी उचलली. "मर्दा, मी तर निस्ती..."

चेष्टा, हा शब्द त्यानं जिभेवरच अडवला. एकदा बाहेर पडला, की पैलवान वाटी सुलटी करून परत भरणार. चिमणाबाई नारळ घेऊन पाया पडायला वाकली. गुंडूनं पाय मागं घेतले नाहीत.

"सुटलं तूप," आकाराम पुटपुटला. "देवाच्यान् सुटलं."

मिशी वाचली होती. गुंडूला हसायचं होतं, पण त्याला श्वास वर ओढता येईना. छातीवर काहीतरी जड, ऊबदार बसलं होतं, आणि सावकाश रवंथ करत होतं.