पोहोचू न दिलेले बोलणे

ऊर्जा परिषदेच्या तिसऱ्या दिवशी दुभाषीबाई नेहमीप्रमाणे अर्धा तास आधीच काचेच्या खोलीत येऊन बसल्या. समोर चौदा देशांचे गुंतवणूकदार कानाला यंत्र लावून बसत आणि मंचावरचे बोलणे बाई त्यांना समजेल अशा भाषेत सांगत. बावीस वर्षे त्या हे काम करत होत्या. बोलणाऱ्याच्या तोंडचा शब्द इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही, याचा त्यांना अभिमान होता.

चहाच्या सुट्टीत परिषदेच्या सचिवांनी त्यांच्या हाती एक कागद ठेवला. दुपारी एका लाइनमनची विधवा बोलणार होती. नवरा विजेच्या मनोऱ्यावरून पडून गेला, पण वीज कंपनीने घरात नोकरी दिली आणि संसार सावरला, असे ती सांगणार होती. पाहुण्यांना असे काही ऐकले की बरे वाटते, असे सचिव म्हणाले. भाषांतर तयारच होते. बाईंनी ते फक्त वाचायचे होते.

ती आली. पस्तिशीची असेल. माइक तिच्या कपाळाच्या उंचीला होता, तो कोणी खाली केला नाही. पाठ केलेली दोन वाक्ये तिने म्हटली, मग तिला पुढचे सुचेना. आणि मग ती आपलेच बोलू लागली.

"नोकरी मला नाही मिळाली. विधवेनं चार पुरुषांत काम करायचं नाही, असं म्हणून सासरच्यांनी माझी सही घेतली आणि माझ्या जागी दिराला लावलं. आता घरात त्याचाच शब्द चालतो. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, आठवीत. येत्या रविवारी तिचं लग्न लावताहेत, तिशीतल्या माणसाशी. मला काम द्या. मी तिला घेऊन वेगळी राहीन. तेवढंच मागायला आले."

तिचे शब्द बाईंच्या अगदी ओठांवर आले होते. काचेपलीकडून सचिवांनी त्यांच्याकडे रोखून पाहिले आणि नकारार्थी मान हलवली. पुढची सगळी कामे या माणसाच्या हातात होती. बाईंनी नजर खाली घातली आणि कागद शेवटपर्यंत वाचला.

चौदा देशांनी टाळ्या वाजवल्या. सभागृहात तिची भाषा समजणारेही शंभरेक जण होते. ते क्षणभर आपल्या बुटांकडे पाहत राहिले, मग त्यांनीही वाजवल्या.

थोड्या वेळाने ती काचेच्या खोलीच्या दाराशी आली. तिचा चेहरा उजळला होता.

"ताई, तुम्हीच सांगत होता ना? किती टाळ्या वाजवल्या हो लोकांनी! आता काहीतरी होईल."

बाईंना खोटे बोलता आले असते. "मी तुमचं बोलणं सांगितलंच नाही," त्या म्हणाल्या. "मला दिलेला कागद वाचला."

"मग त्या टाळ्या?"

"त्या कागदासाठी."

ती हळूच म्हणाली, "रविवारला अजून चार दिवस आहेत. आता सांगता येईल का?"

बाई तिला घेऊन थेट जेवणाच्या दालनात गेल्या. तीन टेबलांपाशी उभ्या राहून त्यांनी तिचे बोलणे जसेच्या तसे सांगितले. पाहुण्यांनी काटे-चमचे खाली ठेवून ऐकले, हळहळले आणि हा तुमच्या घरातला प्रश्न आहे असे म्हणाले. चौथ्या टेबलाशी पोहोचण्याआधीच सचिवांनी बाईंचा पास काढून घेतला. दुसऱ्या दिवशी दोघींनी बालसंरक्षण कार्यालयात तक्रार दिली. तिथले साहेब सोमवारी येणार होते. दिराच्या कानावर हे गेले, आणि त्याने शनिवारी सकाळीच लग्न उरकून टाकले.

आता दिरावर बालविवाहाचा खटला उभा राहिला आहे. बाई पहिल्या साक्षीदार आहेत. परिषदेची कामे बंद झाली, त्याबद्दल त्या कोणाशी बोलत नाहीत.

परवा न्यायालयाच्या परवानगीने आईला मुलगी बालगृहात भेटली. मुलगी रडली नाही. शाळेच्या पटावरून माझे नाव काढले का, एवढेच तिने विचारले. आईने नाही म्हणून सांगितले. खरे तर तिला ठाऊक नव्हते. बाहेर आल्यावर तिने ते बाईंना सांगितले, आणि दोघी तिथूनच शाळेकडे चालू लागल्या.