विरुद्ध मताची सही

मानवाचं सारं ज्ञान मतभेदातून जन्माला आलं आहे, असं विभागाच्या माहितीपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर छापलं होतं. प्रत्यक्षात मतभेदातून विभागात जन्माला यायचा तो एक गुलाबी अर्ज. शोधनिबंधाचा विषय वादाचा आहे हे सिद्ध करायचं, तर विरुद्ध मत असलेल्या एका माणसाची त्यावर सही आणायची. खाली छापलेलं असायचं, 'हे विरुद्ध मत मला पटण्याजोगं वाटतं.' त्याखाली आपली सही. की विषय मंजूर.

वर्गात जिला सगळे 'होयबा' म्हणत, तिचं घोडं इथेच अडलं. शेवटची तारीख आजची, वेळ पाचची. अर्ज गेला नाही तर वर्ष गेलं. आणि तिच्याशी कुणी भांडेचना. 'परीक्षा बंद कराव्यात का?' असा विषय तिने काढला, तर मुलं म्हणाली कराव्यात, आणि पेपर तपासून मान अवघडलेले प्राध्यापक तर हात जोडून म्हणाले, आजच करा. 'ग्रंथालयात बोलू द्यावं का?' यावर ग्रंथपाल म्हणाले, "द्या की. येतंय कोण?"

तिने ताईला फोन लावला. आई गेल्यापासून ताईच तिचं सगळं बघायची. मतंसुद्धा.

"अगं, तुला स्वतःला काय वाटतं?" ताई म्हणाली.

"तूच सांग ना, मला काय वाटत असेल?"

"धन्य आहेस," म्हणून ताईने फोन ठेवला.

शेवटी खिडकीवरच्या कारकुनाला दया आली. "तिसऱ्या मजल्यावर जा. टोकाची खोली. विभागाने एक विरोधक नेमलेत. कशालाही विरोध करतात, सही मात्र लगेच देतात."

"मग सगळे तिकडेच का जात नाहीत?"

"जे गेले त्यांची काही तक्रार नाही," कारकून म्हणाला आणि तिच्याकडे न बघता शिक्का पुसू लागला.

टोकाच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि राखाडी स्वेटर घातलेले एक गृहस्थ. खिडकीतून आलेलं ऊन थेट तिच्या डोळ्यांवर पडलं.

"बसा. डोळे का बारीक केलेत?"

"खिडकी उघडी आहे ना, सर."

"मला तसं वाटत नाही."

आवाजात आग्रह अजिबात नव्हता. "हो, बरोबर आहे," ती सवयीने म्हणाली. खिडकी उघडी नव्हती. खिडकीच नव्हती. तिथे भिंत होती, आणि भिंतीचा रंग चांगला दहा वर्षं जुना होता.

तिने घड्याळात पाहिलं. पाचला वीस मिनिटं कमी.

"घड्याळ आहे तुमच्या हातात?"

"हो..."

"मला तसं वाटत नाही."

"नसेल, सर."

मनगट मोकळं होतं. पट्ट्याचा पांढरा वणसुद्धा नव्हता.

"घरी कोण असतं?"

"ताई."

"मला तसं वाटत नाही."

होकार तिच्या जिभेच्या टोकावर येऊन बसला. तेवढ्यात तिने ताईचा चेहरा आठवून पाहिला. केस आठवले, कपाळ आठवलं, पण त्याखाली नाक काही सापडेना.

गृहस्थांनी अर्ज ओढून घेतला आणि वळणदार अक्षरात प्रश्न लिहिला: 'सदर विद्यार्थिनीस थोरली बहीण आहे काय?' विरुद्ध मताच्या रकान्यात लिहिलं 'नाही', आणि झोकदार सही ठोकली.

"विषय उत्तम आहे. नेमका, आटोपशीर. असा विषय इथे क्वचितच येतो. आता तुमची सही."

तिने पेन उचललं. वर्ष वाचत होतं. पेन पुन्हा खाली ठेवायला तिला फार वेळ लागला.

"नाही," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "मला ताई आहे."

"पुरावा?"

"ती घोरते. पांघरूण ओढून घेते. आत्ताच माझ्यावर चिडली होती. आणि पुरावा कसला मागताय हो? तुम्ही इथे आहात, याला तरी काय पुरावा?"

गृहस्थ पहिल्यांदाच अडखळले. प्रश्न त्यांना मनापासून आवडलेला दिसला. "मला तसं..." ते म्हणाले, आणि वाक्य तिथेच राहिलं. समोर नुसती खुर्ची होती. खुर्चीच्या पाठीवर राखाडी स्वेटर अडकवलेला होता.

अर्ज टराटरा फाडून ती तीन जिने एका दमात उतरली. फोन लावला. बराच वेळ नुसता वाजत राहिला.

"काय गं? मिळाली सही?"

"नाही."

"म्हणजे वर्ष गेलं?"

"गेलं."

"मग रडतेस का हसतेस, ते तरी ठरव!"

"ताई, तू नाही म्हणालीस तरी मी आज तुझ्याच शेजारी झोपणार आहे."

"बाई गं, तुला मत फुटलं!" ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली. एकशे अठरा विद्यार्थ्यांपैकी चौघांचेच अर्ज आल्यामुळे मुदत एक महिन्याने वाढवण्यात आली होती.